आमची वाटचाल : एका सेकंडहँड लेथपासून

आमचे आण्णा परळच्या एका मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले त्यातले आण्णा एक, आणि ते परत कधी आत गेलेच नाहीत. वर्षभरात आम्ही खोली सोडून गावी साताऱ्याकडे आलो. तेव्हापासून घरात एकच शिकवण, हातात आलेल्या कामाला नाही म्हणायचं नाही, काम कधी बंद पडेल सांगता येत नाही.

मी आयटीआय टर्नर केलं, पुण्याजवळ भोसरीत आठ-नऊ वर्षं नोकरी केली आणि 1997 ला भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कापायचं मशीन, टाकला. रात्री बाराला कोणी पिन टर्निंगला घेऊन आलं तरी घ्यायचो. भोसरीत गुरुवारी लाईट बंद म्हणून सुट्टी, तर मी त्या दिवशी बिलं घेऊन पार्टीकडे. मुलगी झाली त्या रात्री मी डिस्पॅचला होतो, हे मी तेव्हा अभिमानाने सांगायचो, आता सांगवत नाही. 2008 च्या शेवटी मंदीत मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे काही काही दिवस प्लांटच बंद ठेवले, आमचं काम जवळपास थांबलं, तेव्हा तर वाटलं आण्णांचंच खरं.

पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, 2011 ला लोनवर घेतलं. 2019 ला मुलगी मेकॅनिकल डिप्लोमा करून शॉपवर आली आणि पहिल्याच महिन्यात हजेरीचं मस्टर काढून विचारलं, पप्पा ओव्हरटाईम डबल रेटने का नाही? कायद्यात तसंच आहे, पण मला राग आला, म्हटलं आम्ही असे तास मोजले असते तर हे शेड उभंच राहिलं नसतं. आमचं महिनाभर धड बोलणं नव्हतं.

मग आमचा सगळ्यात चांगला सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, पंचविशीतला पोरगा, दोन-तीन मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जॉब, म्हणजे पार्ट बसवणारा, राजीनामा घेऊन आला. मी पगार वाढवतो म्हणालो. तो म्हणाला, साहेब पैशाचं नाही, बायकोला रविवारी सुट्टी, मला गुरुवारी, लग्नाला दीड वर्ष झालं एक अख्खा दिवस बरोबर मिळाला नाही. तो आळशी नव्हता हो, मला ते पक्कं माहीत होतं. आम्ही जे पुढे ढकलत राहिलो तेच तो आत्ता मागत होता. मंदी त्यानेही बघितलीये, लॉकडाऊनमध्ये दोन महिने गावी बसून होता, पण त्यातून तो शिकला वेगळंच, की काम परत येतं, गेलेले दिवस येत नाहीत.

मुलीने सुट्ट्या वाटून दिल्या, अर्धे गुरुवारी अर्धे रविवारी, लाईटचा प्रश्न आता पूर्वीसारखा नाही त्यामुळे मशीन सातही दिवस चालतं. तो पोरगा राहिला. ओव्हरटाईमचा रेटही डबल झाला, पहिले दोन महिने मला झोप नव्हती, मग लक्षात आलं रिजेक्शन कमी होतंय, पहाटे तीनला दमलेल्या माणसाच्या हातून जे जॉब खराब व्हायचे ते थांबले.

आता वाद तिसऱ्या शिफ्टचा आहे. मुलीला ती बंद करायचीये, मी म्हणतोय मार्चपर्यंत थांब, व्हीएमसी मशीनचे हप्ते आहेत. ती म्हणते हिशोब दाखवा. या गुरुवारी दोघं बसणार आहोत.