ग्रुप थेरपीच्या फॉर्ममध्ये माझं बालपण बसत नव्हतं

भावनिकदृष्ट्या अपरिपक्व, म्हणजे स्वतःच्या आणि मुलांच्या भावना पेलता न येणाऱ्या, आईवडिलांच्या घरात वाढलेल्या मोठ्या माणसांसाठी जी ग्रुप थेरपी असते, तिच्यात मी आता रुळले आहे. गट चांगला आहे, थेरपिस्टही चांगल्या आहेत. पण तिथवर पोचण्याआधी एका फॉर्मने मला अडवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. किती जण तिथूनच परत फिरत असतील, हा विचार मनातून जात नाही.

नाव नोंदवलं, कौटुंबिक माहितीचा फॉर्म हातात आला. लहानपणी मारहाण झाली का? घरात कोणाला व्यसन होतं का? आईवडील विभक्त झाले का? कोणी तुरुंगात गेलं का? प्रत्येक प्रश्नापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. मी खरं तेच लिहिलं, सगळीकडे नाही. आमच्याकडे फी वेळेवर भरली जायची, दुखलंखुपलं की डॉक्टरकडे नेलं जायचं. फक्त मी रडले की आई माझ्याहून मोठ्याने रडायची आणि मीच तिची समजूत घालायचे. वडिलांचा अबोला दिवसेंदिवस चालायचा. तो का धरला हे कोणी सांगायचं नाही, आणि एका सकाळी ते काही झालंच नाही अशा थाटात बोलू लागायचे. याला चौकोन नव्हता.

उत्तर आलं : तुमच्या माहितीत बालपणीचा त्रास दिसत नाही, तुम्ही ताणतणावाच्या गटात यावं. 'तुला काय कमी केलं आम्ही?' हे ऐकत मी मोठी झाले. आता तेच छापील पत्रातून आलं होतं. मी फोन केला. समन्वयक बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच सगळीकडे 'नाही'वर खूण केलीय ना?" मी म्हटलं, "अहो, काय घडलं ते तुम्ही विचारलंत. जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, त्याचा प्रश्न कुठे आहे?" वरिष्ठांना विचारून कळवते म्हणाल्या. मग नुसती वाट. फोन केला की फाइल कोणाच्या तरी टेबलावर.

त्या काळात वाचत गेले आणि राग वाढला, कारण ही उणीव या क्षेत्राला ठाऊक आहे. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा अमेरिकेतला १९९८ चा गाजलेला अभ्यास घ्या. त्यात ७ प्रकार मोजले होते. छळ, व्यसन, तुरुंग होतं, दुर्लक्ष नव्हतं. भावनिक दुर्लक्ष, शारीरिक दुर्लक्ष आणि आईवडिलांचं विभक्त होणं हे तीन प्रकार नंतर आले आणि यादी १० वर गेली. बालपणीच्या आघातांची एक २८ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिच्यात भावनिक दुर्लक्षाचे प्रश्न उलट बाजूने येतात : आपल्यावर प्रेम आहे असं वाटायचं का, घरातली माणसं एकमेकांना जवळची वाटायची का. तिथे 'कधीच नाही' या उत्तराला वजन आहे. विचारायची रीत उपलब्ध असताना माणसाला पत्र पाठवून परतवायचं, हे मला पटत नाही.

शेवटी मी कोऱ्या कागदावर प्रसंग लिहिले. 'अपरिपक्व' हा शब्द एकदाही वापरला नाही. मी आजारी असताना कोणी कोणाला धीर दिला, आजही आईचा फोन वाजला की पोटात कसा गोळा येतो, एवढंच. तो कागद फॉर्मला जोडून थेट थेरपिस्टच्या नावाने दिला आणि लगेच छाननीची मुलाखत ठरली. त्या कागदाचा मला अभिमान आहे. तुम्हीही लेबल लिहू नका, प्रसंग लिहा.

मुलाखतीत आपणही विचारायचं असतं. गट बंद आहे की मधूनच नवे लोक येणार? सदस्यांनी बाहेर भेटलेलं चालतं का? सोडायचं झालं तर किती आधी सांगायचं?

इतरांचं इथे काही सांगणार नाही, गोपनीयतेचं वचन आहे. माझ्यापुरतं सांगते. कोणी गप्प झालं की मी त्याचा चेहरा वाचत बसायचे. थेरपिस्ट थकलेल्या दिसल्या की माझं बोलणं आवरतं घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "आत्ता तुम्ही माझी काळजी घेताय का?" एकट्याच्या थेरपीत घरचं वागणं सांगावं लागतं, गटात ते सगळ्यांदेखत घडतं. पुढे एकजण माझ्यावर रागावले. मी अबोल्याची वाट बघत होते, पण त्यांनी का रागावलो ते सरळ सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ते माझ्याशेजारीच बसले होते. इतकं हलकं मला क्वचितच वाटलं आहे.

हो, सत्र ऑनलाइन असेल आणि आईवडिलांबरोबर राहत असाल, तर बोलणं ऐकू जाणार नाही अशी जागा आधी शोधा. सत्रानंतर लगेच काम ठेवू नका. पहिल्या उमाळ्यात घरी जाब विचारायला धावू नका. आपण गटात बसलो म्हणून आईवडील बदलत नाहीत. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर गटाच्या यादीत थांबून राहू नका, आजच डॉक्टरांना गाठा. गट त्यानंतरही मिळतो.