अडलेली बाई आणि मध्येच थांबवायचं नाटक

बाळंतपणावरचं आरोग्य-नाटक बहुतेक वेळा शेवटच्या दोन मिनिटांत फसतं. नर्स पुढे येते, "वेळेवर दवाखान्यात या" असं बजावते, टाळ्या पडतात, लोक घरी जातात. दवाखान्यात जावं हे गावाला ठाऊकच असतं. घोडं अडतं ते 'हो' कोणी म्हणायचं, गाडी कोणाची आणि पैसे कोण काढणार, इथे.

पश्चिम आफ्रिकेत म्हणूनच फोरम थिएटर रुजलं, म्हणजे प्रेक्षकांनी मध्येच थांबवून बदलायचं नाटक. पद्धत ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांची. बुर्किना फासोत प्रोस्पर कोंपाओरे यांनी 1978 साली काढलेल्या आतेलिए थेआत्र बुर्किनाबे या नाटकमंडळीने ती गावोगावी नेली. आपल्या पथनाट्याशी तिचं नातं आहे, पण इथे नाटक संपल्यावर खरं काम सुरू होतं.

समजा विषय फिस्टुलाचा आहे, म्हणजे अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये पडणाऱ्या भोकाचा. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ, पाच-सहा नट, भाषा गावाची. पहिलटकरणीला रात्री कळा सुरू होतात. सासू म्हणते, पहिल्या खेपेला वेळ लागतोच. नवरा परगावी, त्याला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी मिळते. मूल दगावतं, आणि काही दिवसांनी तिची लघवी ठिबकायला लागते. खेळ इथेच तोडायचा, तोडगा न दाखवता.

शाप, बाहेरख्यालीपणा अशी कारणं लगेच पुढे येतात, म्हणून खरं कारण डोळ्यांना दिसलं पाहिजे. दगड म्हणजे ओटीपोटाचं हाड, सुका भोपळा म्हणजे बाळाचं डोकं, मध्ये ओलं फडकं म्हणजे मूत्राशय. भोपळा दाबून धरायचा आणि सांगायचं की तास न् तास असा दाब राहिला की रक्त पोचत नाही, तेवढा भाग मरतो आणि तिथे भोक पडतं. शाप-बिप काही नाही.

मग तोच खेळ पुन्हा. आता प्रेक्षकांतून कोणीही "थांबा" म्हणून नटाची जागा घेऊ शकतो. पण जागा घ्यायची ती सुनेची, नाहीतर तिची बाजू घेणाऱ्या जावेची. नवऱ्याच्या जागी कोणी शिरला तर तो एका वाक्यात शहाणा होतो आणि प्रश्न संपतो. बोआल अशा तोडग्याला जादू म्हणत असे. सूत्रधाराने लगेच विचारावं, "आपल्या गावात असं होईल?" हशा पिकतो आणि खरी चर्चा सुरू होते.

दारुडा नवरा फार विनोदी झाला की लोकांना तोच लक्षात राहतो. सासऱ्यादेखत सुना पुढे येत नाहीत. बायकांची फेरी वेगळी घ्यावी, किंवा त्यांनी जागेवरून सांगावं आणि नटीने करून दाखवावं. नर्सला देवी करू नये. दवाखान्यात ओरडा खाल्लेल्या बायका समोर बसलेल्या असतात. घरात निर्णयाला उशीर, वाटेत उशीर, दवाखान्यात उशीर: थॅडियस आणि मेन या संशोधकांनी 1994 मध्ये मांडलेल्या या तीन विलंबांतला तिसराही दाखवायला हवा. बुर्किना फासोत 2016 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, पण तिथवर जायचा खर्च उरतोच. तो संवादात यावा.

आफ्रिकेत 'कळा देणाऱ्या बाईवर सूर्य दोनदा मावळू नये' असं म्हणतात. ऐकायला सुंदर, नाटकात घातक. दुसऱ्या सूर्यास्ताची वाट पाहिली तर फार उशीर होतो. कळा सुरू झाल्या की दवाखान्यात निघायचं, आणि जोराच्या कळा बारा तास झाल्या तर क्षणभरही थांबायचं नाही, हे वाक्य तोंडी बसेपर्यंत घोकून घ्यावं.

काही प्रश्न एका घराचे नसतातच. सेनेगलमधल्या मालिकुंडा बांबारातल्या बायकांनी तोस्तान या संस्थेच्या वर्गांत शिकून, नाटक करून 1997 साली मुलींची सुंता थांबवल्याचं जाहीर केलं, तेव्हा आजूबाजूची गावं खवळली. सोयरीक जुळते त्या सगळ्या गावांनी मिळून ठरवलं तरच मुलींची लग्नं अडणार नाहीत, हे केर सिंबारा गावच्या देंबा जावारा या इमामांनी ओळखलं. पायी गावोगाव फिरून त्यांनी ती बोलणी केली. असा विषय असेल तर दौऱ्याची गावं सोयरिकीवरून निवडावीत, नकाशावरून नाही.

दौरा सुगीनंतर, कोरड्या दिवसांत ठेवावा. पावसाळ्यात लोक शेतात आणि रस्ते चिखलात. खेळ आटपून गावातून निघण्याआधी, अडलेल्या बाईला न्यायला मोटारसायकल कोणाची, रात्री चावी कोणाकडे, पैसे कोण ठेवणार, हे गावासमोर ठरवून घ्यावं. फिस्टुला झालेली बाई खेळानंतर हमखास एखाद्या नटीला एकटं गाठून विचारते. कुठल्या इस्पितळात शस्त्रक्रिया होते, सर्जन कधी असतो, येण्याजाण्याचा खर्च कोण देतं, हे आधी पक्कं केलेलं नसेल तर तो खेळ त्या गावात लावूच नये.