काळ्या शर्टावर पांढरी शाई

आमच्या धंद्याची सुरुवात उसन्या चौकटीवर झाली. शर्ट छापायची एक लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेली जाळी (हिच्यातून शाई कापडावर उतरते), शाई ओढायची रबरी पट्टी, पांढऱ्या शाईचा डबा आणि वीस काळे टी-शर्ट. माझा भागीदार तेव्हा एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि मी त्या बँडचं सामान उचलायचो. दीड वर्षात बँड मोडला. चौकट आमच्याकडेच राहिली. ज्याची होती त्यानं ती कधी मागितली नाही आणि आम्हीही आठवण करून दिली नाही.

त्याला आता चौदा वर्षं झाली. आज आम्ही चौघं आहोत. बँडचा लोगो, पोस्टर, अल्बमचं कव्हर, फोटो, शर्ट, आयोजकांना पाठवायचं प्रेस किट, म्हणजे बँडचा परिचय आणि फोटो, आणि नवं गाणं आणायचं वेळापत्रक एवढं सगळं करतो. गाण्यात नाक खुपसत नाही. म्हणजे मी खुपसत नाही. भागीदार खुपसतो, जुना ड्रमर आहे.

काळ्या कापडावर पांढरी शाई एका हातात बसत नाही, हे पहिल्याच रात्री कळलं. एक थर ओढायचा, गरम हवेनं वरवर सुकवायचा आणि मग केसभरही न हलता त्याच जागी दुसरा थर द्यायचा. शेवटी सुमारे १६० अंश सेल्सिअसची उष्णता मिळाली की शाई पक्की होते. आमच्याकडे भट्टी नव्हती, म्हणून कपड्यांची इस्त्री फिरवली. दोन धुण्यांत बँडच्या नावाला भेगा पडल्या, तिसऱ्यात एक अक्षर निघून गेलं. शिवाय लोगोमधल्या बारीक रेषा जाळीतच बुजल्या होत्या. ड्रमभोवती गुंडाळलेला साप आमच्या शर्टावर गांडुळासारखा दिसत होता.

पण त्या जाळीनं जे शिकवलं ते पुढे कुठल्या शिकवणीत मिळालं नसतं. चिन्ह एका रंगात उभं राहिलं पाहिजे, लांबून ओळखू आलं पाहिजे आणि थोडं फासलं तरी मेलं नाही पाहिजे. आज अल्बमचं कव्हर मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं, तिथेही हाच कस लागतो. आम्ही अजून प्रत्येक लोगो आधी नखाएवढा छापून भिंतीला चिकटवतो आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघतो. हेवी मेटल हे कर्कश रॉक वाजवणाऱ्या मेटलवाल्यांचे काट्याकुट्यांचे, मुळं गुंतल्यासारखे लोगो मात्र या नियमात बसत नाहीत. ते वाचण्यासाठी नसतातच. आतल्या माणसाला कळावं आणि बाहेरच्याला कळू नये हाच त्यांचा उद्देश असतो, आणि तो ते चोख पार पाडतात.

नवा बँड आला की आम्ही त्यांना रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडच्या जिभेच्या लोगोची गोष्ट सांगतो. १९७० साली जॉन पॅश नावाच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्याला ते काम मिळालं. बँडचा गायक मिक जॅगर यानं त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं, बाहेर काढलेल्या जिभेचं. पॅशनं देवी घेतली नाही, फक्त जीभ आणि ओठ घेतले. चित्राचे पहिल्यांदा ५० पौंड मिळाले. १९७१च्या अल्बमवर ती जीभ आली आणि २००८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं मूळ चित्र विकत घेतलं. गोष्ट संपली की बँडमधलं कुणीतरी हटकून म्हणतं, ‘आम्हालाही असंच काहीतरी करून द्या.’ आम्ही विचारतो, तुमच्यात जिभेसारखं काय आहे? इथे सगळे एकमेकांकडे बघतात.

कारण जॅगरचं तोंड आधीच रंगमंचावर होतं. पॅशनं ते उचलून कागदावर ठेवलं. आमच्या धंद्यात एवढंच करायचं असतं, आणि हे आम्हाला कळायला चार वर्षं आणि एका बँडचा पुरता विचका लागला.

ते चौघं अबोल होते. लांबलचक गाणी, खाली मान, पायाशी गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग. आम्हाला वाटलं, असे कोण बघणार यांना? आम्ही त्यांना लांब चामडी कोट चढवले, डोळ्यांभोवती काजळाचे पट्टे ओढले, मागे धूर सोडला. फोटो इतके झकास आले की एका आयोजकानं गाणं न ऐकताच त्यांना शेवटून दुसरी, म्हणजे मानाची जागा दिली. प्रत्यक्षात दुसऱ्या गाण्यात गायकाच्या कोटाची बाही गिटारच्या पट्ट्यात अडकली. सोडवायला बेसवाला पुढे आला, तर त्याच्याच कोटावर पाय पडून तो पेडलांवर कोसळला. घामानं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. लोक हसले. वाईट माणसं नव्हती ती. समोर जे दिसलं ते हसण्यासारखंच होतं. चौघं त्यानंतर महिनाभर आमचा फोन उचलत नव्हते, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

सोंग वठवायला ते अंगात असावं लागतं. किस या बँडनं १९७३ पासून चेहरे रंगवले, पण त्यांची गाणी, उंच टाचांचे बूट, आगीचे लोळ सगळं त्या रंगाच्याच मापाचं होतं. १९८३ साली त्यांनी एमटीव्ही या संगीतवाहिनीवर रंग उतरवून दाखवला, तरी १९९६ मध्ये मूळचे चौघं एकत्र आले ते पुन्हा रंग फासूनच. रामोन्स या पंक बँडचं उलटं. फाटकी जीन्स, चामडी जाकीट आणि सगळ्यांनी लावलेलं एकच आडनाव. गाणी तशीच, दोन मिनिटांत खेळ खलास. आर्तुरो वेगा या चित्रकारानं त्यांच्या लोगोसाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुद्रा घेतली आणि गरुडाच्या एका पंजात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट दिली. रामोन्सचं एक गाणंही न ऐकलेली माणसं तो शर्ट घालून फिरताना मी पाहिली आहेत.

भागीदार या ठिकाणी लगेच बीटल्स काढतो. त्यांना त्यांचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यानं चामड्यातून काढून सुटात घातलं की नाही? आणि चाललं की नाही? चाललं. हा वाद आमच्यात वर्षानुवर्षं चालू आहे. माझं म्हणणं, सूट एपस्टाइनचा असेल, पण पत्रकारांना उलट उत्तरं देणारी ती पोरं त्याला शिंप्याकडून आणता आली नसती.

कोटप्रकरणानंतर आम्ही पद्धत बदलली. पहिल्या भेटीत रंगांचं, अक्षरांचं बोलणंच नाही. तालमीला जायचं, कोपऱ्यात बसायचं, कॅमेरा पिशवीत. कोण कुठे उभं राहतं, भांडण कशावरून होतं, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपवर काय चिकटवलंय, कुणाचे बूट कुठे पडलेत हे बघायचं. तीन तालमी तरी.

आमचं सगळ्यात गाजलेलं काम असंच हाती लागलं, आणि खरं सांगायचं तर तेही चुकीतून. पाच जणांचा बँड होता. त्यांच्या प्रत्येक वायरीला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली असायची, म्हणजे कार्यक्रमानंतर दुसऱ्या बँडच्या वायरींत मिसळू नये. वायरीला पट्टी, मायक्रोफोनच्या स्टँडला पट्टी, गिटारच्या पेटीच्या मोडक्या कडीलाही पट्टीच. मी ती वहीत टिपली होती आणि विसरलोही होतो. आम्ही त्यांच्या नावाचा लोगो केला, एकशे वीस शर्ट छापले. पहिलं गाणं स्ट्रीमिंगवर चढलं आणि दुसऱ्याच दिवशी गायकाचा फोन आला: ‘आमच्या पानावर दुसऱ्याच कुणाची तरी गाणी दिसतायत.’ त्याच नावाचा, दूरच्या देशातला एक बँड आधीपासून होता आणि आमचं गाणं थेट त्यांच्या पानावर जाऊन बसलं होतं. नाव कुणी तपासलंच नव्हतं. बँडला वाटलं आम्ही तपासलं, आम्हाला वाटलं बँडनं. आता कामाच्या पहिल्या तासाला आम्ही नाव सगळ्या स्ट्रीमिंग सेवांवर आणि व्यापारचिन्हांच्या नोंदींमध्ये शोधतो, मग बाकीचं.

नाव बदलणं भाग होतं. कार्यक्रम दोन दिवसांवर, नवं नाव ठरलेलं नाही, शर्ट जुन्या नावाचे. शेवटी ड्रमवाल्या मुलीनं वायरींच्या पेटीतून पिवळ्या पट्टीची गुंडाळी काढली आणि टरकन फाडून एका शर्टावरच्या नावावर चिकटवली. आडवी, जराशी तिरकी. काळा शर्ट, मधोमध पिवळी पट्टी. आम्ही दोघं ते बघतच राहिलो. रात्रभर पाच वादक आणि आम्ही मिळून एकशे वीस शर्टांवर पट्ट्या लावल्या.

पोस्टरवरही मग तेच केलं. बँडचा काळापांढरा फोटो आणि नावाच्या जागी पट्टी. नवं नाव यायला सहा आठवडे लागले, तोवर लोक त्यांना ‘पिवळी पट्टीवाले’च म्हणत होते. नाव न छापण्याचा हट्ट तसे बरेच नवे बँड धरतात, लेड झेपलिन या रॉक बँडचा दाखला देतात. १९७१च्या त्या अल्बमच्या कव्हरवर ना बँडचं नाव होतं ना अल्बमचं, हे खरं. पण तो त्यांचा चौथा अल्बम होता आणि तोवर त्यांना ओळखत नसलेला रॉकचा श्रोता सापडणं अवघड होतं. आमच्या पट्टीला वायरींनी वाचवलं. रंगमंचावर जिकडेतिकडे ती आधीपासूनच होती.

प्रसिद्धीचं काम आमच्याकडे उशिरा आलं, आणि ते अजूनही मला शर्ट छापण्याएवढं आवडत नाही. बहुतेक बँड वरातीमागून घोडं आणतात. गाणं शुक्रवारी येणार असतं आणि फोन गुरुवारी येतो. स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग सेवेवर अप्रकाशित गाणं प्लेलिस्टच्या संपादकांकडे पाठवता येतं. निदान ७ दिवस आधी पाठवलं, तर बँडला फॉलो करणाऱ्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीतही तेच गाणं येतं. गाणं बाहेर आलं की संपादकांचं दार बंद. म्हणून आम्ही सहा-आठ आठवडे आधीच कामाला लागतो. कव्हर, फोटो, चार ओळींचा परिचय, तालमीतले छोटे व्हिडिओ सगळं गाणं चढवण्याआधी तयार हवं. परिचयात ‘आगळावेगळा आवाज’ हे शब्द दिसले की मी खोडतो. आयोजकाला हवं असतं ते एवढंच: कशासारखं वाजतं, किती माणसं, किती वेळ आणि लोक येतात का.

एका बँडनं आम्हाला न सांगता ‘ऐकणारे’ विकत घेतले. विकणाऱ्यानं प्लेलिस्टचं आमिष दाखवलं होतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत निदान १,००० वेळा वाजलं नसेल, तर त्याचं मानधन मोजलंच जात नाही. तो आकडा गाठायच्या घाईत ही दुर्बुद्धी सुचली. आकडा तीन दिवस फुगला, मग खोटा म्हणून पकडला गेला आणि गाणंच खाली उतरलं. त्या गाण्यामागची आमची सहा आठवड्यांची मेहनतही त्याच्याबरोबर गेली. विकणाऱ्याचा फोन अर्थातच बंद.

खरी माणसं गोळा करायला आमच्याकडे एक वही आहे. शर्टांच्या टेबलावर ठेवलेली, दोरीला पेन बांधलेली. नाव आणि ईमेल. क्यूआर कोडही लावून पाहिला. लोक फोन काढतात, त्यात दुसराच निरोप दिसतो आणि निघून जातात. वहीत मात्र लिहितात, वर आधी कुणी लिहिलंय तेही वाचतात. कल्पना आमची नाही. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडनं १९७१च्या अल्बमच्या आतल्या बाजूला चाहत्यांना पत्ते कळवायचं आवाहन केलं होतं, त्यातून त्यांची यादी वाढत गेली. १९८४ पासून तर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना ते वेगळी जागाच द्यायचे. आर्क्टिक मंकीज हा इंग्लिश बँड, तेही सुरुवातीला कार्यक्रमात आपल्या सीड्या फुकट वाटायचे, त्यातली गाणी चाहत्यांनीच इंटरनेटवर पसरवली. पट्टीवाल्यांच्या पहिल्या कार्यक्रमात आमच्या वहीत अडतीस नावं आली. पुढच्या कार्यक्रमाचं पत्र आम्ही या अडतिसांना वेगवेगळं लिहिलं. निम्म्याहून जास्त आले आणि बरोबर कुणाकुणाला घेऊन आले.

कागदपत्रांचा कंटाळा आम्हालाही होता. पण बँड मोडतात, आणि मोडल्यावर लोगो कुणाचा यावरून जे काही होतं ते गाण्यावरूनही होत नाही. आता काम सुरू करण्याआधी एक पानभर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतो: नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, फोटो कुठे कुठे वापरायचे. सही करताना बँडचे चेहरे पडतात. पडू देत.

पट्टीवाल्यांचे ते एकशे वीस शर्ट कधीच संपले. धुतल्यावर पट्टी निघते, खालचं जुनं नाव दिसतं आणि लोक नवी पट्टी चिकटवून पुन्हा कार्यक्रमाला येतात. हे पाहून गेल्या वर्षी आम्ही शहाणपणा केला. पट्टी पिवळ्या शाईनंच छापली. खाली पांढरा थर, वर पिवळा, कडा फाटक्या दिसतील अशा काढल्या. छपाई अशी की भागीदारानं दोनदा हात फिरवून पाहिला. कार्यक्रमात एका मुलीनं शर्ट उचलला, नखानं पट्टीची कड खरवडली आणि विचारलं, ‘ही निघत नाही?’ नाही म्हटल्यावर तिनं शर्ट घडी करून परत ठेवला.

त्या रात्री तसले चार खपले. आता टेबलावर कोरे काळे शर्ट आणि शेजारी पिवळ्या पट्टीच्या गुंडाळ्या ठेवतो, ज्यानं त्यानं आपली फाडून लावायची. छापील पट्टीवाले उरलेले शर्ट कापून ठेवलेत. सुती कापड चांगलं आहे, जाळी पुसायला बरं पडतं.