तुम्ही विचारलंत म्हणून : आयटीआयवाला कार्पोरेशनात कुठून शिरतो?

विचारणारे बहुतेक वेळा आई-बापच असतात. पोरगं बाजूला मोबाईल बघत उभं असतं. प्रश्न ठरलेला: "यानं इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केलाय. कार्पोरेशनात कुठं लागंल काय?" बेळगावातलं वडगाव-शहापूर असो, खानापूर असो की निपाणी, प्रश्न बदलत नाही. उत्तर मात्र उभ्या-उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो.

पहिली गोष्ट, कार्पोरेशन, म्हणजे महापालिका, हे एकच दार नाही. बेळगावचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं, पण ते घरोघर पोचवायचं काम ठेक्यानं खासगी कंपनीकडे आहे. वीज हेस्कॉमची. म्हातारी माणसं अजून 'केईबी' म्हणतात ते हेच. बस वायव्य कर्नाटक परिवहनची. पथदिवे महापालिकेचे असले तरी शिडी लावून वर चढणारा माणूस बहुधा ठेकेदाराचा असतो. म्हणजे ज्याला आपण 'शहराची नोकरी' म्हणतो ती पाच-सहा ऑफिसांत वाटली गेलीय आणि लोक एकाच दारात उभे राहतात.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. महापालिकेतली कायम जागा बेळगावात भरली जात नाही. महापालिका असो, निपाणीची नगरसभा असो की खानापूरची पट्टण पंचायत, या सगळ्यांच्या वर बेंगळूरचं पौराडळित, म्हणजे पालिका प्रशासनाचं संचालनालय आहे. तिथल्या गट-क जागा केपीएससीच्या, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या, जाहिरातीत निघतात. २०२४ च्या अशाच एका जाहिरातीत पाणीपुरवठा ऑपरेटर आणि सहायक पाणीपुरवठा ऑपरेटर ही पदं होती. तेव्हा नगरसेवकाच्या घरी हेलपाटे घालून फार तर ठेकेदाराकडे चिठ्ठी मिळेल, कायम ऑर्डर मिळणार नाही. "दोन लाख द्या, परमनंट करतो" म्हणणारा तर सरळ लबाड समजा.

आपल्या गावात इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पंप ऑपरेटरच्या किती जागा मंजूर आहेत आणि किती रिकाम्या, हे चहाच्या टपरीवर विचारण्यापेक्षा माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. कर्नाटकच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. लोक एकाच कागदात रस्ता, गटार आणि नोकरी सगळं कोंबतात आणि अर्ज परत येतो. उत्तराला ३० दिवस धरा.

आता अप्रेंटिसशिप. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

१९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. इलेक्ट्रिशियन, फिटर अशा ट्रेडच्या आयटीआय पास पोराला साधारण एक वर्ष. २०१९ च्या नियमदुरुस्तीनं त्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरवलं, त्याहून कमी आकडा कुणी सांगितला तर तिथंच भुवई वर करा. जिथं केंद्राची एनएपीएस ही अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना लागू आहे तिथं विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. ७,००० चा चौथा हिस्सा १,७५० होतो, तरी मिळतात १,५०० च. बाकीचे ५,५०० आस्थापना देते. सरकारी भाग थेट आधार जोडलेल्या खात्यात येतो. खातं नुसतं असून चालत नाही, बँकेत जाऊन 'आधार सीडिंग' झालंय का ते विचारावं लागतं. पोरांची दोन-दोन खाती असतात, सीडिंग जुन्या बंद खात्याला झालेलं असतं आणि पैसे अडकले म्हणून नाव कंपनीला ठेवलं जातं.

महत्त्वाचं म्हणजे ही अप्रेंटिसशिप एकदाच मिळते. एकदा करार नोंदला आणि वर्ष पुरं केलं की त्याच पायरीवरची दुसरी जागा मिळत नाही. बहुतेक जाहिरातींत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून घराजवळ आहे एवढ्यावर पहिली मिळेल ती धरू नका. शहरी सेवेत जायचं असेल तर जिथं थ्री-फेज पॅनेल, ट्रान्सफॉर्मर, पंप, मोठी वाहनं रोज हाताखालून जातात ती जागा धरा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत फिटर तयार होईल, वेल्डर तयार होईल, पण पंपहाऊसचं काम तिथं दिसणार नाही. डिझेल मेकॅनिकला परिवहनच्या डेपोसारखी शाळा नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर यांनी नैऋत्य रेल्वेची हुबळीची जाहिरात सोडू नये. तिथं परीक्षा नसते. एसएसएलसीचे, म्हणजे दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी काढून यादी लागते. एसएसएलसी ६२ आणि आयटीआय ८४ असेल तर ७३. एसएसएलसीला ५० टक्के हवेत, वय १५ ते २४. पुढं रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या भरतीत अप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांना वीस टक्के जागा राखीव असतात, त्यामुळं ते वर्ष वाया जात नाही. कैगा अणुवीज केंद्र आणि कारवारचं नौदलाचं जहाज-दुरुस्ती यार्ड हीसुद्धा आपल्यापासून फार लांब नाहीत.

डिप्लोमावाल्यांनी या रांगेत उभं राहू नये. त्यांची वाट नॅट्सची, म्हणजे डिप्लोमा-पदवीवाल्यांच्या अप्रेंटिस योजनेची, तिचं पोर्टल वेगळं.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकच गोष्ट तपासायची: सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर कराराचा नंबर पडलाय का. लेटरहेडवरचं "अप्रेंटिस म्हणून घेतले आहे" हे पत्र म्हणजे करार नव्हे. नोंद नसेल तर वर्षाअखेरच्या अखिल भारतीय ट्रेड टेस्टला बसता येत नाही, बसलं नाही तर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र नाही, आणि ते नसलं तर वर्षभर हेल्परकी केली एवढाच अर्थ उरतो. हजेरीही स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी. रात्री दहा ते सकाळी सहा अप्रेंटिसकडून काम घ्यायला अप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते, आणि कामावर इजा झाली तर कामगार नुकसानभरपाईचा कायदा अप्रेंटिसलाही लागू होतो. हे दोन्ही नियम सुपरवायझरला माहीत असतातच असं नाही.

"मग अप्रेंटिसशिप केली की तिथंच घेतील काय?" नाही. कायदा मालकावर तशी सक्ती करत नाही. १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते एवढंच की बाकी सगळं समान असेल तर शिकलेल्या अप्रेंटिसला आधी घ्यावं आणि शिकण्यात गेलेला काळ वयात सवलत म्हणून धरावा. बाकी सगळं समान क्वचितच असतं. पण वयाचा मुद्दा कामाचा आहे, विसरू नका.

लाईनमनचं वेगळं आहे. केपीटीसीएलनं, म्हणजे कर्नाटकच्या वीज पारेषण कंपनीनं, २०२४ ला २,९७५ जागांची जाहिरात काढली. त्यात ज्युनिअर पॉवरमनची, म्हणजे लाईनमनचीच, निवड एसएसएलसीच्या गुणांवर होती, आयटीआयचे गुण तिथं मोजत नव्हते. पण आठ मीटरचा खांब चढून दाखवणं सक्तीचं. इथं बरीच पोरं गळतात, कारण तयारी धावण्याची करतात आणि खांबाला पहिल्यांदा हात लावतात तो परीक्षेच्या दिवशी. दोन महिने आधीपासून चढण्याचा सराव हवा. घामेजल्या हातानं खांब निसटतो आणि उतरताना पाय थरथरतात, ते चढताना कळत नाही. सराव मात्र मैदानातल्या मोकळ्या खांबावर, जाणत्या माणसाच्या देखत. गल्लीतल्या चालू लाईनच्या खांबाला हात लावायचा नाही.

ठेक्यावरचं काम कमी समजू नका, पण डोळे उघडे ठेवून घ्या. पगारातून पीएफ कापतात म्हणजे यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर हवा, ईएसआय कापतात म्हणजे ईएसआयचं कार्ड हवं. ठेकेदार दर एक-दोन वर्षांनी बदलतो, पोरगं तिथंच राहतं. प्रत्येक ठेकेदाराकडून अनुभवाचं पत्र घेतलं नाही तर सहा वर्षं काम करूनही कागदावर शून्य. गटारीच्या कामात कुणी "जरा आत उतरून बघ" म्हटलं तर उतरायचं नाही. २०१३ च्या कायद्यानं मॅनहोलमध्ये माणूस उतरवून साफ करून घेणं गुन्हा आहे, आणि आतला वायू दुसरी संधी देत नाही.

ठेक्यावर माणसं घेणाऱ्या कंपन्या आणि ठेकेदार मुलाखतीत मार्कांपेक्षा हात बघतात. हमखास पुढं येतो तो स्टार-डेल्टा स्टार्टर, मोठी मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणारा. डेल्टाचे जोड यू-१ ला डब्ल्यू-२, व्ही-१ ला यू-२, डब्ल्यू-१ ला व्ही-२. यात एक वायर इकडची तिकडं झाली की मोटर स्टारमध्ये छान फिरते आणि डेल्टात जाताच धाडकन ट्रिप होते. दुसरा सापळा ओव्हरलोड रिलेचा, म्हणजे करंट जादा झाला की मोटर बंद पाडणाऱ्या रिलेचा. तीस हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण लोडला साधारण ४० अँपिअर घेते, पण रिले वाइंडिंगच्या वाटेवर असेल तर तो ४० च्या ०.५८ पट, म्हणजे २३ वर लावायचा. ४० वर ठेवला तर मोटर जळून वास आला तरी रिले झोपलेलाच. पावसाळ्यात बंद राहिलेली मोटर चालू करण्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, एक मेगाओमच्या खाली दाखवलं तर आधी वाळवा. प्लंबरला विचारतात डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपच्या रबर गास्केटला काय लावशील. साबणाचं पाणी. ग्रीस किंवा तेल म्हणालात की संपलं, त्यानं रबर फुगून खराब होतं. पंप ऑपरेटरला नळाच्या टोकाला उरलेलं क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं, हे पाठ असावं.

आता कागद. आपल्याकडं अर्ज अडतो तो नावावर. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर आडनाव पुढं, आधारावर मागं, बँकेत नुसतं आद्याक्षर. त्यात मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की स्पेलिंग आणखी एक वळण घेतं. पोर्टलचं ई-केवायसी एवढ्यावरच फेटाळतं. मार्क्स कार्ड प्रमाण धरून बाकी सगळं त्याप्रमाणं करून घ्या, आणि ते जाहिरात यायच्या आधी. मराठा समाज कर्नाटकात ३-बी या मागासवर्गाच्या गटात येतो. सर्वसाधारण उमेदवाराला गट-क साठी मूळ वयोमर्यादा ३५ आहे, ३-बी ला ३८. दाखला नाडकचेरीतून मिळतो, मुदत पाच वर्षांची, तेव्हा जुना निघाला तर उपयोग नाही. पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांना ग्रामीण कोट्याच्या २५ टक्के आडव्या आरक्षणाचा दाखला मिळतो, त्यावर मुख्याध्यापकाची सही आणि बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिसही लागते. खानापूर तालुक्यातल्या किती पोरांना हे लागू पडतं, आणि किती जण मागतच नाहीत!

कन्नडचं काय, हे विचारायला लोक लाजतात. लाजू नका. केपीएससीच्या गट-क मध्ये कन्नडचा सक्तीचा पेपर १५० गुणांचा, त्यात ५० मिळाले की पुरे, ते गुण यादीत धरत नाहीत. एसएसएलसीच्या पातळीचा असतो. रोज अर्धा तास कन्नड पेपर मोठ्यानं वाचला तरी सहा महिन्यांत निघेल. जाहिरात वाचायला तर निम्मी भाषा आपलीच: नेमकाती म्हणजे नेमणूक, हुद्दे म्हणजे हुद्दा, अर्जी, वयोमिती. 'मीसलाती' म्हणजे आरक्षण, 'होरगुत्तिगे' दिसलं की ते ठेक्यावरचं, गुत्तेदाराकडचं काम समजा. 'उळिके मूल वृंद' या रकान्यातल्या जागा आपल्या. कल्याण कर्नाटकचा रकाना ३७१-जे कलमाखालच्या जिल्ह्यांसाठी आहे, बेळगाव त्यात नाही. आणि 'तिद्दुपडी' नावाचं पान आलं की नक्की उघडा. तारीख किंवा पात्रता बदलते ती तिथंच.

महाराष्ट्राची वाटही बंद नाही. एनसीव्हीटीचं, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं, आयटीआय प्रमाणपत्र देशभर चालतं. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या अनेक जाहिरातींत एक कलम असतं, त्यात तिथल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला मागतात. आपलं गाव त्या यादीत आहे का ते आधी बघा. पिंपरी-चिंचवड महापालिका आयटीआयवाल्यांना अप्रेंटिस म्हणून घेते, तिचं मोरवाडीला स्वतःचं आयटीआयसुद्धा आहे. मात्र खोलीभाडं आणि मेस जाऊन विद्यावेतनातलं हातात काय उरतं, हा हिशोब घरी बसून, पोराला समोर घेऊन करा.