अमळनेर ते धुळे, पायी

आम्हा ख्रिस्ती लोकांत वारी नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तेव्हा ते हसलेच. "अरे, एसटी आहे ना धुळ्याला. चालून काय कमावणार? कृपा फुकट असते." खरंय. पण एसटीत बसलो की तासा-दीड तासात धुळं, आणि मला जे बोलायचं होतं ते तेवढ्यात जुळलं नसतं.

1 एप्रिल 2023, शनिवार. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. पहाटे साडेचारला निघालो. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या, शर्टाच्या आतल्या खिशात पाकीट, पाकिटात 18,400 रुपये.

मंगरूळच्या पुढे उजाडलं. रस्ता मोकळा नव्हताच. चैत्र पौर्णिमा त्या गुरुवारी, म्हणजे खान्देशातून सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्यांचे हेच दिवस. भगवे झेंडे, टेम्पोवर लावलेली गाणी, अनवाणी पाय. आमचा ईस्टरही पौर्णिमा बघूनच ठरतो, त्यामुळे आमचा लेंत, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, आणि त्यांची यात्रा बऱ्याचदा एकाच उन्हात सापडतात.

"कथा चालनात भाऊ?" एकाने विचारलं.

"धुळ्याला."

"मंग गडवर?"

"नाही, धुळ्यालाच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, आणि पुढे गेला. गड सोडून नुसत्या धुळ्याला कोण चालत जातं!

आता पाकिटाचं सांगतो. 2018 साली मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो. हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, केळीचा घड, कोंबडी, जे असेल ते आणतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो परत वेदीपुढे ठेवतो. त्या पैशांतले 18,400 मी वापरले. विहिरीवरची मोटर जळाली होती, गहू पाण्यावाचून चालला होता. महिन्यात परत ठेवू म्हटलं. ठेवले नाहीत.

हिशेब वाचायच्या आदल्या रात्री पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. सकाळी कमिटीपुढे उभा राहून पुन्हा सांगितलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी सिस्टरबाई म्हणाल्या, "बोलला ना तो? मग पुढचा विषय घ्या." सिस्टरबाई म्हणजे रिटायर्ड नर्स, अख्ख्या मंडळीची इंजेक्शनं त्यांच्या हातची. माझी खजिनदारकी गेली. तेवढ्यावर सुटलो असं मी समजत होतो.

2023 च्या फेब्रुवारीत जुनी रजिस्टरं उतरवून काढायचं काम आलं, आणि ते पान उघडलं. जमा 6,000. जमा 6,000. जमा 6,400. तीन महिने ओळीने, आणि समोर सिस्टरबाईंची बारीक सही. पेन्शनचे पैसे. चार वर्षांत मला कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, त्यांनी तर नाहीच.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण "आमची ऋणे आम्हांस सोड" म्हणतो. मला चालता-बोलता यायला लागल्यापासून पाठ. सोडलेलं ऋण कुठे जातं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गुड फ्रायडेची पस्तीसेक प्रवचनं ऐकून जे डोक्यात शिरलं नाही ते त्या तीन ओळींनी शिरवलं. सोडणाराच ते भरतो.

नवलनगरजवळ पोचेपर्यंत ऊन तापलं होतं, डाव्या टाचेला फोड. यात्रेकरूंसाठी मांडव घातला होता. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी. मी बाहेरच सावलीला टेकलो, तर एका बाईंनी हाताला धरून पंगतीत बसवलं. बट्टी चुरली, वर तुपाची धार. मी गडावर चाललेलो नाही, हे सांगायला तोंड उघडलं, पण तोंडात घास होता. उठताना वीसची नोट काढली.

"पैसा कसाना? आईनं शे हाई, मन्हं नई."

नोट परत खिशात ठेवताना मला उगाच राग आला, त्यांचा नाही, माझाच. फुकटचं घ्यायला किती जड जातं माणसाला! घामाने भिजलेलं ते पाकीट तरी दुसरं काय होतं?

पुढचा रस्ता मी वाक्यं जुळवण्यात घालवला. बायबलातल्या उधळ्या पुत्रानेही घरी परतताना वाटेत भाषण तयार केलं होतं, मला चाकरासारखं ठेवा म्हणून; बापाने ते पुरं होऊच दिलं नाही. दाखला माहीत असूनही माझं जुळवणं थांबेना.

धुळ्यात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. सिस्टरबाई आता भाच्याकडे राहतात. ऐंशीच्या पुढे गेल्यात, पण दार त्यांनीच उघडलं.

"सलाम, बाई."

"सलाम. लंगडतोयस का?"

मी पाकीट काढलं. "बाई, ते 2018 चं..."

"बूट काढ आधी."

आतून बादली आणली, गरम पाणी, मूठभर मीठ. खाली बसायला लागल्या तसे मी पाय मागे घेतले.

"पेत्रासारखं करू नकोस रे, माझे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या (पेत्रही आधी येशूला पाय धुऊ देईना), आणि माझी टाच धरून पाण्यात घातली.

मीठ जरा जास्तच झालं होतं.