सादळलेले पापड आणि सात जणींचं मानपत्र

मीटिंगला मी वीस मिनिटं उशिरा पोचले. तोवर मानपत्र लिहायचं काम माझ्या नावावर टाकून झालं होतं. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम मारायचं, हा आमच्या क्लबाचा अलिखित नियम आहे, आणि मीही तो अनेकदा वापरलाय. त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

आमचा क्लब म्हणजे गिरगावातल्या बायकांचा सेवा क्लब. आरोग्य शिबिरं, वह्यावाटप, मोतीबिंदूची ऑपरेशनं, झालंच तर वर्षातून एक सहल. जुलैत नवं वर्ष सुरू होतं, नवी अध्यक्षा येते, तिच्या गळ्यात ती जड कॉलर पडते आणि तिला काहीतरी वेगळं करावंसं वाटतं. यंदाच्या अध्यक्षांना वाटलं, पदग्रहणाच्या कार्यक्रमातच आपल्या भागातल्या जुन्या काळच्या एखाद्या उद्योजिकेचा गौरव करावा. कल्पना चांगली होती. नाव कोणाचं, यावर मात्र दोन मीटिंगा गेल्या.

मी सुचवलं, लिज्जतच्या बायकांचं. एका सदस्येने लगेच विचारलं, "पण त्या आपल्या कुठे? गुजराती ना त्या?" आता हा प्रश्न आमच्या गिरगावात अगदीच नवा नाही. लिज्जतची सुरुवात झाली १९५९च्या मार्चमध्ये, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात होतं आणि राज्य व्हायला अजून वर्ष बाकी होतं. माझे सासरे तेव्हाच्या मोर्च्यांच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. पण त्याच गिरगावात, हाकेच्या अंतरावरच्या एका गच्चीवर, सात गुजराती बायका उडदाच्या पिठाच्या लाट्या करत बसल्या होत्या, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊकच नसणार. शेवटी मी म्हटलं, "गिरगावातली म्हणजे गिरगावातली. तुझ्या फडताळात पापड कुठला आहे ते आधी बघून ये." त्यावर ती हसली आणि ठराव झाला.

मग मानपत्र. माझ्याकडे आधीच्या मानपत्रांची फाइल आहे. त्यात एक ठरलेला साचा असतो: 'उद्योगक्षेत्रातील तेजस्वी तारा', 'एकहाती साम्राज्य उभे करणाऱ्या', 'जिद्द, चिकाटी आणि मेहनतीच्या जोरावर'. नाव बदलायचं, तारीख बदलायची, आणि लॅमिनेशनला द्यायचं. मीही तेच करायला बसले होते. पहिल्याच ओळीला अडले. 'एकहाती' कसं लिहू? सात जणी होत्या. जसवंतीबेन पोपट, पार्वतीबेन, उजमबेन, बानुबेन, जयाबेन, सगळ्या लोहाणा निवासात राहणाऱ्या, घरकाम आटोपल्यावर दुपारी हाताशी वेळ असलेल्या. १५ मार्चला गच्चीवर बसून त्यांनी पापड केले, त्याची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. बस्स. धंद्याचा पहिला दिवस संपला.

एकहाती खोडलं. पुढे 'मालकीण' लिहिलं होतं, तेही खोडलं. कारण तिथे मालकीण कोणी नाहीच. पापड लाटणारी प्रत्येक बाई सभासद, तिला म्हणायचं 'बहेन', आणि नफा-तोटा सगळ्यांचा. दिवसभर खुर्चीत बसून कोणी सही करते आणि बाकीच्या राबतात, असा प्रकार नाही. शाखा सांभाळणारी संचालिकासुद्धा लाटणाऱ्यांतूनच निवडलेली. हिशेबनीस, ड्रायव्हर वगैरे पुरुष असतात, पण ते पगारी नोकर. त्यांना मत नाही. हा मुद्दा मी आमच्या मीटिंगमध्ये मुद्दाम दोनदा वाचून दाखवला.

मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ कर्जविभागात. त्यामुळे मला या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटलेलं पान म्हणजे भांडवलाचं. रक्कम ८० रुपये. तेही उसने. दिले छगनलाल करमशी पारेख यांनी, ज्यांना सगळे छगनबापा म्हणत. गोखल्यांनी पुण्यात १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य. तोट्यात चाललेला एक पापडाचा धंदा त्या पैशांतून या बायकांनी घेतला आणि लागणारं सामान आणलं. आता खरं सांगते, माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी काय केलं असतं? तारण काय? काही नाही. जामीन कोण? एकमेकींच्या. अनुभव? घरचे पापड. आधीचा धंदा? तोट्यात. मी तो अर्ज गोड बोलून परत केला असता, वर 'बचत गटाचं बघा' असंही म्हटलं असतं, म्हणजे बचत गट निघाल्यानंतरच्या काळात. किती अर्ज मी असे परत केले असतील, ते आता आठवत नाही. एक मात्र आठवतो, लोणच्यांचा, पण ती गोष्ट वेगळी आहे.

छगनबापांनी पैशांपेक्षा महत्त्वाचं काहीतरी दिलं असावं, असं माझं मत. या बायकांचा बेत होता दोन प्रतींचे पापड करायचे, एक चांगला आणि एक जरा स्वस्तातला. त्यांनी सांगितलं, एकच करा, चांगलाच करा, आणि धंद्यासारखा हिशेब ठेवा. आपल्याकडे बायकांनी काही सुरू केलं की भोवतीचे लोक एकतर कौतुक करतात नाहीतर देणगी देतात. 'हिशेब दाखव' असं सहसा कोणी म्हणत नाही. या बायकांनीही, तोटा आला तरी देणगीसाठी कोणाकडे हात पसरायचा नाही, असं सुरुवातीलाच ठरवलं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तुटलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकले.

आता पावसाची गोष्ट. कार्यक्रम जुलैत आहे हे ठरलं तेव्हाच कोणाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं.

कार्यक्रम होता एका शाळेच्या सभागृहात, ठाकूरद्वारला. जेवणाच्या आधी सगळ्यांना भाजलेला पापड द्यायचा, तोही लिज्जतचाच, अशी अध्यक्षांची टूम. केटररने चार वाजताच शंभर-सव्वाशे पापड भाजून टोपल्यांत रचून ठेवले. पाच वाजता जो पाऊस लागला तो सुटेना. आमच्या भागात पाऊस नुसता पडत नाही, तो भिंतींतून आत येतो. सव्वासहाला मी पापड उचलला तर तो दुमडला. मोडला नाही. रुमालासारखा दुमडला. सगळे सादळलेले.

आणि फ्लेक्सवर छापणाऱ्याने 'सात भगिनी' ऐवजी 'साथ भगिनी' केलं होतं. ते मी नंतर कोणाला सांगितलं नाही, पण एकीने फोटो काढून ग्रुपवर टाकलाच.

मी कपाळाला हात लावून बसले होते तेव्हा मावशी आल्या. मावशी आमच्या मजल्यावर तीन घरी पोळ्या करतात, गेली कित्येक वर्षं. त्यांच्या सासूबाई लिज्जतचे पापड लाटायच्या आणि लग्नानंतर बारा वर्षं त्या स्वतःही लाटत होत्या, हे मला मानपत्राच्या निमित्तानेच कळलं. इतकी वर्षं त्यांच्या हातची पोळी खाते आहे, कधी विचारलं नव्हतं. त्यांना मी प्रात्यक्षिकाला बोलावलं होतं. टोपलीकडे बघून त्या म्हणाल्या, "ताई, पावसात पापड असा उघडा ठेवतात होय? ह्यांच्या पण पहिल्या वर्षी हेच झालं होतं ना, तुम्हीच वाचलंत परवा."

झालं होतं खरं. पहिल्या पावसाळ्यात त्या सात जणींना चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळणार कुठे? गच्चीचा धंदा उन्हावर चालतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. पाऊस बाहेर पडू दे. मला या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात लाडका तपशील. १९६२ साली नाव ठेवायला स्पर्धा घेतली, धीरजबेन रुपारेल यांनी 'लिज्जत' सुचवलं आणि पाच रुपयांचं बक्षीस मिळवलं, १९६६ साली संस्था नोंदली गेली, खादी आयोगाने मान्यता आणि आठ लाखांचं खेळतं भांडवल दिलं, या सगळ्या मोठ्या गोष्टी आहेतच. पण खाट आणि स्टोव्ह! कोणा सल्लागाराला हे सुचलं नसतं. ज्या बाईने पावसाळ्यात लंगोट वाळवलेत, तिलाच सुचेल.

मावशींनी केटररच्या पोऱ्याकडून शेगडी मागून घेतली, वर जाळी ठेवली, आणि सादळलेले पापड एकेक करून पुन्हा शेकायला घेतले. दोन सेकंद इकडून, दोन तिकडून. तिकडे सूत्रसंचालिका तिसऱ्यांदा 'आपण लवकरच सुरुवात करत आहोत' म्हणत होती.

मग प्रात्यक्षिक. टेबलावर पोळपाट, मावशींनी घरून आणलेलं लाटणं आणि भिजवून कुटलेलं उडदाचं पीठ. मिरी-हिंगाचा वास माइकपर्यंत गेला असावा. लहानपणी आमच्याकडे मे महिन्यात पापड व्हायचे तेव्हा पिठाची वळी दोऱ्याने कापायचं काम माझं. चार लाट्या ताटात, एक तेलात बुडवून तोंडात. आई ओरडायची, आणि स्वतःही खायची. मावशींनी दोरा मागितला नाही. हातानेच तोडत गेल्या, आणि आमच्या खजिनदारबाईंनी हौसेने स्वयंपाकघरातला काटा आणला होता त्यावर लाट्या ठेवल्या, तर सगळ्यांचं वजन सारखं. लाटताना त्यांचा मनगटापर्यंतच हात हलतो, खांदा अजिबात नाही. लाटणं पुढे जातं, मागे येतं, आणि पापड आपोआप फिरतो. कडा मधल्यापेक्षा जाड राहिली तर तो भाजताना मधे जळतो आणि कडेला कच्चा राहतो, असं त्या म्हणाल्या. पोळपाटाची भेग पापडातून दिसली की झाला. मी, अध्यक्षा आणि 'त्या आपल्या कुठे' म्हणणारी सदस्या, तिघींनी करून पाहिलं. माझ्या पापडाचा आकार काहीसा विदर्भासारखा झाला.

"सकाळी आदल्या दिवसाचे पापड घेऊन जायचं," मावशी सांगत होत्या. "ते बघणार, वजन करणार, वणाई हातावर ठेवणार. मग नवं पीठ घेऊन घरी." वणाई म्हणजे लाटण्याची मजुरी, हा मूळ गुजराती शब्द. त्यांच्या तोंडी तो इतका मुरलाय की तो बाहेरून आलाय हे मी सांगितल्यावर त्यांना पटलं नाही. घरी न्यायची पद्धतही कोणी ठरवून आणलेली नाही. तिसऱ्या वर्षी बायका तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची पुरेना. मग पीठ घरी द्यायला लागले. ज्यांच्या घरी वाळवायला जागा नाही त्या पीठ मळायला, पॅकिंगला. गिरगावातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांना हे बरोबर बसलं. बायकोने नोकरी करावी की नाही यावर घरात वाद होण्याआधीच पीठ घरात आलेलं असायचं.

मागच्या रांगेत बसलेल्या कोणाच्या तरी नातवाने मधेच विचारलं, "तो ससा कुठाय?" सगळे हसले. जाहिरातीतला ससा. तो बाहुला रामदास पाध्यांचा, अर्धवटरावांच्या घरचा, म्हणजे तिथेही मराठी हात आलाच. हे मी माइकवर सांगितलं आणि जरा जास्तच टाळ्या मिळाल्या. माझ्या मानपत्राला मिळाल्या त्यापेक्षा जास्त.

मानपत्र मी वाचलं. त्यात तारा नव्हता, साम्राज्य नव्हतं. चार पाकिटं होती, ८० रुपये होते, खाट आणि स्टोव्ह होता. एका ज्येष्ठ सदस्येने नंतर बाजूला घेऊन सांगितलं, "छान होतं गं, पण मानपत्रासारखं वाटलं नाही." बरोबर आहे तिचं.

खरी अडचण वाचून झाल्यावर आली. फ्रेम केलेलं ते मानपत्र द्यायचं कोणाच्या हाती? पद्मश्री जाहीर झाली ती जसवंतीबेन पोपट यांना, २०२१ साली. पण आम्ही गौरव केला होता सातही जणींचा, मग एकीच्या घरी दिलं तर बाकी सहा जणींचं काय? संस्थेच्या कार्यालयात द्यावं तर तिथे भिंतीवर आधीच कितीतरी असतील. अध्यक्षांनी व्यासपीठावर पटकन ते मावशींच्या हातात ठेवलं, फोटोपुरतं. मावशींनी ते धरलं, नीट हसल्या, फोटो झाल्यावर माझ्याकडे आणून दिलं आणि म्हणाल्या, "ताई, काच आहे, जपून. आणि ते राहिलेले पापड द्या मला पिशवीत, उद्या तव्यावर शेकते."

पापड त्या घेऊन गेल्या. मानपत्र सध्या माझ्या फ्रिजवर आहे, भिंतीला टेकून. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर ते तिसऱ्या क्रमांकावर आहे, सहलीच्या खालोखाल. त्या मीटिंगला मी वेळेवर जाणार आहे.