वीव्हर्स नीडलसमोर

आज पहाटेच निघून अॅरिझोनातल्या सुपरस्टिशन डोंगरांत पेराल्टा ट्रेल चढले. फ्रीमॉन्ट खिंडीत पोचले आणि समोर वीव्हर्स नीडलचा सुळका! याच्याच आसपास जेकब वॉल्ट्झची सोन्याची खाण होती म्हणतात. माणूस जर्मन, पण 'डॉइच' म्हणजे जर्मन, त्याचं लोकांनी 'डचमन' केलं. १८९१ मध्ये तो फीनिक्सला वारला, खाणीचा शोध अजून चालूच आहे.

वाटेत चोया निवडुंगाचा एक गोळा बुटात रुतला. हात लावायची सोय नाही, कंगव्यानं उपटून काढला. तिथेच सावलीत बसले, तर अॅडॉल्फ रूथ डोक्यातून जाईना. १९३१ च्या जूनमध्ये त्या खाणीच्या शोधात नकाशा घेऊन तो याच डोंगरांत शिरला. साठी उलटलेली, पाय अधू, आणि हे ऊन! डिसेंबरात त्याची कवटी सापडली. घरच्यांनी ते सहा महिने कसे काढले असतील?

१९८४ पासून या राखीव रानात खाणीसाठी नवा दावा लावता येत नाही. फार बरं झालं.

उतरताना कोरड्या ओढ्यात एक चमचमता खडा दिसला. अभ्रकच असणार. तरी छातीत धडधडलं. उन्हात फिरवून पाहिला आणि होता तिथेच ठेवला.